पॅराशूटचं वजन

माझ्या धाकट्या बहिणीचं वजन शेहेचाळीस किलो आहे. गेली वीस वर्षं तेवढंच आहे. ती गुलाबजाम खाते, तळलेलं खाते, जेवून उठल्यावर परत ताटातली शेंगाचटणी बोटानं चाटते, आणि काटा जागचा हलत नाही. माझं वजन किती आहे ते इथं लिहायचं कारण नाही. लोक ते नुसत्या नजरेनं ओळखतात.

वजनापासून सुरुवात केली, कारण पुढचं सगळं त्या वजनावरच अडलेलं आहे. आणि दुसरं म्हणजे, मला तिचा हेवा वाटतो हे एकदाचं सांगून टाकलेलं बरं. आमच्या घरात ते कुणी कधी उघड बोललं नाही. मी तर नाहीच नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. पुढं दोन खोल्या आणि मागं माग. आम्ही तेलुगू बोलणारी विणकर माणसं. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो आणि ती मला अक्का. घरात अर्धं तेलुगू, अर्धं सोलापुरी मराठी असं चालतं. इथं सगळं मराठीत लिहिते आहे. नान्ना जेकार्डवर चादरी विणायचे. जेकार्डच्या मागाला वर उंच सांगाडा असतो, तिथून शेकडो दोऱ्या खाली येतात, आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला बोटाएवढी जाड नव्हे, उदबत्तीएवढी बारीक लोखंडी काडी लटकत असते. नक्षीसाठी वर उचललेला दोरा त्या काडीच्या वजनानं परत खाली येतो. वरची एखादी दोरी तुटली की कुणीतरी सांगाड्यावर चढून ती बांधायची. नान्ना धाकटीला काखेत धरून अलगद वर ठेवायचे.

"मी चढते," मी म्हणायचे.

"तू नको. तुझ्यानं सांगाडा हलतो. तू खाली थांब, काड्या धर."

मी खाली थांबायचे, काड्या धरायचे. वर तिचे दोन तळपाय दिसायचे आणि मधूनच तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि ती सहाची. काड्या धरलेल्या हाताला गंजाचा वास यायचा, तो साबणानंही जायचा नाही.

मग मी एक गोष्ट स्वतःसाठी काढून घेतली. फिजिक्स. बारावीला मला त्यात कॉलेजात सगळ्यांत जास्त गुण होते. चार वर्षांनी तिला सदतीस पडले, तेही मी दोन महिने डोकं फोडून शिकवल्यावर. तिच्या त्या सदतीस गुणांनी मला जेवढा आनंद दिला, तेवढा माझ्या गुणांनीही दिला नव्हता. दिसायला ती चांगली, बोलायला ती चांगली, नान्नांची लाडकी ती, पण ही एक खोली माझी होती आणि तिला तिथं शिरता येत नव्हतं.

आज बावीस वर्षं मी इथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वरून सोडलेला दगड, फेकलेला चेंडू, उतारावरून घसरणारा ठोकळा, ही माझी माणसं. प्रत्येक गणिताच्या आधी मी एकच वाक्य सांगते, "हवा धरायची नाही." म्हणजे हवेचा रोध सोडून द्यायचा, गणित सोपं होतं. पोरं मला माघारी व्हॅक्यूम मॅडम म्हणतात. मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही.

बहीण इथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीचं काम बघायची. तिथून ती दुबईला गेली, हॉटेलांना टॉवेल-चादरी पुरवणाऱ्या कंपनीत. लग्न तिनं केलं नाही. मीही केलं नाही. फरक एवढाच, की तिच्याबद्दल लोक म्हणतात, तिनं केलं नाही, आणि माझ्याबद्दल म्हणतात, राहून गेलं. आई गेली तेव्हा ती आठ दिवस येऊन गेली. नान्नांची पथ्यं, गोळ्या, गुडघे आणि विकायला काढलेला माग, हे सगळं मी बघितलं. भंगारवाला आला त्या दिवशी नान्ना सांगाड्याजवळ उभे राहून म्हणाले, "ती किती भरभर चढायची न्हाई?" मी तेव्हा भंगारवाल्यासाठी दाराची दुसरी फळी उघडून धरली होती.

आणि मग एक दिवस तिनं व्हिडिओ पाठवला. ती विमानातून उडी मारत होती.

पहिल्यांदा कुणा शिकवणाऱ्याच्या छातीला बांधून. मग एकटी. मग वर्षभरानं चौघांनी हवेत हात धरून केलेलं फूल, मग आठ जणांचं. चार किलोमीटर वरून उडी, पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम मिनिटभर नुसतं पडणं. चाळिशीला आलेली बाई गालफडं फडफडवत हसत होती. नान्नांनी तो व्हिडिओ गल्लीत प्रत्येकाला दाखवला. दळण टाकायला गेले तिथं दाखवला, दाढी करायला गेले तिथं दाखवला. दूधवाला म्हणाला, "लई डेअरिंगबाज हाय की तुमची धाकटी." थोरली दारात पातेलं घेऊन उभी होती, तिच्या पातेल्यात त्यानं दूध ओतलं.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, ही माझ्या खोलीत शिरली. ज्या बाईला 'त्वरण' म्हणजे काय हे दोन महिन्यांत कळलं नाही, ती आता ते अंगावर घेत होती, आणि मी फळ्यावर ठोकळे काढत होते. गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसले तरी मला घेरी येते. आयुष्यभर पडणाऱ्या वस्तूंबद्दल बोलले आणि स्वतः कधी ओट्यावरूनही उडी मारली नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ती पंधरा दिवसांसाठी आली. गड्डा भरलेला होता, कॉलेज चालू होतं. आमच्या प्राचार्यांनी कुठूनतरी ऐकलं आणि मला बोलावून म्हणाले, "मॅडम, तुमच्या भगिनींना अकरावी सायन्सपुढं बोलवा की. मुलांना प्रेरणा मिळेल." वीस वर्षांत मला कुणी प्रेरणा म्हणालं नव्हतं. मी मनात म्हटलं, बोलू दे. फिजिक्सचा एक शब्द विचारला की बसेल गप्प.

ती जीन्स घालून आली. वर्ग आधीच तुडुंब भरलेला. एका पोरानं पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, एवढ्या स्पीडनं पडताना हात कसा धरता? धडक बसत न्हाई का?"

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. म्हटलं, आता बघू.

"हायवेनं पुण्याला चाललाय," ती म्हणाली. "शेजारनं दुसरी गाडी तेवढ्याच स्पीडनं चाललीय. काच खाली करून तिच्यातल्या माणसाला चिवडा देता येतो की नाही? ड्रायव्हरनं शहाणपणा केला नाही, तर येतो की. आम्ही सगळे ताशी दोनशेनं पडत असतो. पण सगळेच दोनशेनं. त्यामुळं एकमेकांना वाटतं, आपण जागच्या जागी आहोत. धडक स्पीडनं बसत नाही. स्पीडच्या फरकानं बसते."

हा सापेक्ष वेग. मी दर जूनमध्ये तो तीन तासिका शिकवते. तिच्यासमोर एकही मान खाली नव्हती.

मग ती सांगत गेली, आणि मी नको नको म्हणत ऐकत गेले. पालथं, हातपाय पसरून पडलं की हवा जास्त अडते, वेग दोनशेच्या आसपास राहतो. डोकं खाली करून सूर मारला की तोच माणूस अडीचशेच्या वर जातो. म्हणून खाली जमलेल्या घोळक्याकडं उशिरा निघालेला माणूस सूर मारून येतो आणि वेळेत हातपाय पसरायला चुकला, तर त्याच्या नि त्यांच्या वेगात जो पन्नास-साठचा फरक, तेवढ्या जोरानं तो त्यांच्यावर आदळतो. "म्हणजे भरधाव मोटरसायकल येऊन धडकावी तसं," ती म्हणाली. "आणि तुमची हाडं काय वरती गेल्यावर पोलादाची होत न्हाईत." तिनं एक वही आडवी सोडली, एक उभी सोडली. मग माझ्या प्रयोगशाळेतला टेबलफॅन मागवला. पंख्यासमोर आडवी वही धरली आणि वहीच्या मागं एका मुलीच्या ओढणीचं टोक धरलं. वहीबाहेर धरलं की ओढणी फडफडायची, वहीमागं धरलं की मेल्यासारखी पडायची.

"पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर अशी पोकळी असते. त्याच्या बरोबर डोक्यावर दुसरा कुणी आला, की वरच्याच्या खालची हवा गेली. त्याला आधारच उरत नाही. पडतो की मग दाणकन खालच्याच्या अंगावर. आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात, कुणाच्या पाठीवर जायचं नाही, बाजूनं यायचं."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. हुशार पोरगी, माझी आवडती. "पण आमच्या मॅडम तर म्हणतात, हवा धरायचीच नाही."

सगळा वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं.

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. "तुमच्या मॅडमचं बरोबर हाय की," ती म्हणाली. "हवा नसती तर जाडा, बारका, सगळे एकसारखेच पडले असते. कुणी कुणावर आदळलंच नसतं. सगळी भानगड हवेची आहे. मला फिजिक्समध्ये सदतीस होते. त्यातले पस्तीस तुमच्या मॅडमचे."

टाळ्या. तिनं मला वाचवलं, आणि मला तिचा इतका राग आला की घरी जाताना रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. उणंदुणं काढलं असतं तर उत्तर देता आलं असतं. चांगुलपणाला काय उत्तर द्यायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पेपर तपासत बसले होते. ती शेजारी येऊन बसली.

"अक्का, एक गणित काढून दे की."

तिची अडचण अशी होती. त्यांच्या आठ जणांत सगळ्यांत हलकी ती. हलका माणूस सावकाश पडतो. बाकीचे खाली जायचे आणि ही त्यांच्यावर तरंगत राहायची. खाली पोहोचायला सूर मारावा लागायचा, आणि एकदा अंदाज चुकून तिचा गुडघा एकाच्या खांद्याला लागला होता. असे हलके लोक कमरेला वजनाचा पट्टा बांधतात, म्हणजे सगळ्यांचा वेग एक होतो. तिला तो पट्टा घ्यायचा होता. किती किलोचा, ते मी सांगायचं होतं.

"तुमचा कोच सांगेल की."

"तू सांग की. तू मॅडम हायस."

एवढ्यात नान्ना आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात जेकार्डच्या काड्या. माग भंगारात गेला तेव्हा त्यांनी त्या काढून ठेवल्या होत्या, आणि मला कधी दाखवल्या नव्हत्या. "ह्या घे," ते तिला म्हणाले. "लोखंड चांगलं हाय. पट्ट्यात शिवून टाक."

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्या काड्या हातात धरून घालवल्या होत्या. निघाल्या त्या तिच्या कमरेला. मी एका कोऱ्या उत्तरपत्रिकेचं पान फाडलं आणि गणित मांडलं. रागातच मांडलं. घोळक्यातल्या माणसाचं सरासरी वजन तिनं बासष्ट सांगितलं. तिचं शेहेचाळीस. लहान शरीराला हवा कमी अडते, तोही हिशेब मी धरला, आयुष्यात पहिल्यांदाच हवा धरली. दहा मिनिटांत उत्तर आलं. खाली दोन रेघा मारल्या. पाच किलो.

ती कागदाकडं बघत राहिली. "पाच?"

"पाच. संशय असेल तर कोचला विचार."

"न्हाई न्हाई. तू काढलंस म्हणजे बरोबरच असणार."

मग मी एक जुनी चादर कापून पट्टा शिवला. शिवायला मला येतं, तिला येत नाही. एका काडीचं वजन पंचवीस ग्रॅम भरलं, म्हणजे दोनशे काड्या. उभे उभे कप्पे पाडून, काड्या हलू नयेत अशा घट्ट बसवून पट्टा केला. फक्त वरची कड उघडी ठेवली, ती तिनं म्हणे तिकडं कोचला दाखवून मग शिवून घ्यायची होती. दोन दिवस लागले. ती समोर बसून सुईत दोरा ओवून देत होती आणि बडबडत होती. मी हूं हूं करत होते. निघताना तिनं पट्टा सामानाच्या मोठ्या पिशवीत घातला, कागद पर्समध्ये घातला.

मार्चमध्ये परीक्षेच्या धामधुमीत तिच्या मैत्रिणीचा फोन आला. हवेत धडक झाली होती. वरून कुणीतरी तिच्या पाठीवर आदळलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना तडे गेले, पण शुद्ध होती, एका हातानं पॅराशूट उघडून ती खाली उतरली होती. जिवाला धोका नव्हता.

इथं मला एक खोटं लिहिता येईल, पण लिहीत नाही. "धोका नाही" हे ऐकल्यावर क्षणभर माझ्या मनात आलं, बरं झालं. आता तरी बंद होईल. नान्ना आता तरी घरातल्या मुलीकडं बघतील. क्षणभरच, पण आलं. मग मी नान्नांना सांगितलं. ते खुर्चीत बसले ते उठेचनात.

संध्याकाळी मी ओट्याशी भाकरी थापत होते आणि डोक्यात ती धडक फिरत होती. वरून कुणीतरी पाठीवर आलं. म्हणजे ती त्यांच्यापेक्षा खाली होती. हलका माणूस वर तरंगतो, ती खाली कशी गेली? वजन जास्त झालं तरच. आणि खाली गेलेल्या माणसाच्या पाठीवर पोकळी असते. वरचा तिथं आला की त्याला आधार उरत नाही.

तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी वही घेतली. गणित परत मांडलं. परत पाचच आलं. तिसऱ्यांदा मांडताना माझा हात थांबला. बासष्ट किलोचा माणूस. शेहेचाळीस किलोची बाई. दोघंही आकाशातून येत होते नुसते, कपड्यानिशी. मी पॅराशूट धरलंच नव्हतं. प्रत्येकाच्या पाठीला दहा-अकरा किलोचं ओझं असतं, आणि ते धरलं की उत्तर बदलतं. मी ते धरून बघितलं. तीन किलो.

बावीस वर्षं माझ्या गणितातल्या वस्तू रिकाम्या हातानं पडत आल्या आहेत. ठोकळ्याच्या पाठीला काही नसतं. सवयीनं झालं, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते पटेना. दुसरं कुणी विचारलं असतं, तर पहिला प्रश्न मी हाच विचारला असता, पॅराशूटचं वजन किती? बहीण ज्या एका वस्तूमुळं जिवंत खाली उतरते, तीच वस्तू माझ्या डोक्यातून गेली होती. नुसती चूक असती तर गोष्ट वेगळी. मला कळेना, की ती चूक होती का दुसरं काही.

त्या आठवड्यात मी पर्यवेक्षणाला उभी राहायचे आणि पोरं उघड उघड कॉपी करायची. मला दिसायचं नाही. फोनवर ती बरी बोलायची, "अगं, हाडंच मोडलीत, जुळतील," आणि मला तोंड उघडता यायचं नाही. नान्नांशी तर नजरही मिळवत नव्हते.

शेवटी एका दुपारी मीच त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "नान्ना, तो पट्टा चुकला. वजन जास्त झालं. दोन किलो जास्त. माझ्यामुळं झालं हे."

ते गुडघ्यावर हात देत उठले, कपाट उघडलं, आणि खालच्या खणातून कापडात गुंडाळलेला एक जुडगा काढून माझ्या मांडीवर ठेवला. लोखंड होतं. मी उघडला. जेकार्डच्या काड्या, दोऱ्यानं आवळून बांधलेल्या.

"हे काय?"

"ती निघायच्या आदल्या दिवशी तू कॉलेजात गेलतीस, तवा तिनं काढून दिल्या. म्हणाली, जास्त झाल्या. अक्काला सांगू नका म्हणाली, वाईट वाटंल तिला."

मी काड्या मोजल्या. मोजायची गरज नव्हती, तरी एक एक करून मोजल्या. ऐंशी. ऐंशी पंचवीस, दोन हजार. बरोबर दोन किलो.

मी तिथंच बसून रडले. माझ्यामुळं झालं नव्हतं, म्हणून रडले. आणि त्या रडण्यातही एक जळका धागा होता तो मला स्पष्ट जाणवला. सदतीस मार्कांच्या बाईनं माझी चूक ओळखली होती. ओळखून गप्प बसली होती. हिनं चांगुलपणातही माझ्या पुढंच जायचं का?

फोन लावला. "तुला कसं कळलं?"

ती म्हणाली, "नान्नांनी सांगितलं होय. अगं, तू पॅराशूटचं वजन विचारलंच न्हाईस की मला. तवाच वाटलं. आणि कोचनं आधीच तीन सांगितलं होतं."

"आधीच? मग मला कशाला विचारलंस?"

"तू त्या रिक्षापासनं बोलतच नव्हतीस माझ्याशी. फिजिक्स विचारलं की तू बोलतीस."

मी म्हटलं, "चूक होती तर सांगायचं की तोंडावर. मी काय खाल्लं असतं तुला?"

"दोन दिवस बसून शिवलास की तो पट्टा माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी कशाला चूक काढू?"

धडक कशी झाली तेही तिनं सांगितलं. ती आपल्या जागेवरच होती, सगळ्यांच्या पातळीत. एक नवा माणूस उशीर झाला म्हणून सूर मारून आला, बाजूनं यायचं सोडून थेट पाठीवर आला. बिचारा रोज दवाखान्यात येऊन माफी मागतो म्हणाली. मग हसली आणि हसताना बरगड्या दुखल्या म्हणून ओरडली.

मे महिन्यात तिच्या ऑफिसातला एक सोलापूरचा माणूस सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर तिनं तो पट्टा पाठवला. दवाखान्यात कपडे काढता येईनात म्हणून तो मधोमध कात्रीनं कापला होता. फोनवर म्हणाली, "नीट शिवून दे. डॉक्टर म्हणालेत, डिसेंबरनंतर उडी मारता येईल." मी म्हटलं, अजून पुरलं नाही का? ती म्हणाली, "न्हाई."

मी पट्टा घेऊन बसले. सगळे कप्पे उसवून काड्या बाहेर काढल्या. एकशे वीस. शेवटचा कप्पा, कमरेच्या डाव्या बाजूचा, फुगलेला होता पण त्यात लोखंड लागेना. बोट घातलं. आत कागद होता, चार घड्या घातलेला, घामानं मऊ झालेला. उत्तरपत्रिकेचं पान. माझं अक्षर, माझं गणित, खाली दोन रेघा आणि पाच किलो. तिनं कुठं खाडाखोड केली नव्हती. चुकलेलं गणित जसंच्या तसं कमरेला बांधून ती जानेवारीपासून आकाशातून उड्या मारत होती.

हेवा गेला असं मी लिहिणार नाही. तो माझ्या हाताच्या गंजाच्या वासासारखा आहे, धुतला तरी थोडा राहतोच.

मग मी पर्समधून लाल पेन काढलं. चूक होती तिथं गोल केला. बाजूला लिहिलं, पॅराशूटचं वजन धरलेलं नाही. खाली नीट मांडून उत्तर तीन केलं, आणि सवयीनं गुण द्यायच्या जागी शून्य घातलं. मग कापलेला पट्टा जोडला, एकशे वीस काड्या परत भरल्या, कागदाच्या घड्या घालून तो त्याच कप्प्यात ठेवला आणि कड शिवून टाकली. दुहेरी दोऱ्यानं, बारीक टाक्यांनी, उसवू नये अशी.